हिरवळीचे पाणी कोणाच्या खात्यावर?

‘पाणी वाचवा’ या दोन शब्दांइतके निरुपद्रवी वाक्य आजच्या मराठीत दुसरे शोधून सापडणार नाही. ते भिंतीवर रंगवता येते, निबंधस्पर्धेला विषय म्हणून देता येते, २२ मार्चच्या जलदिनाला व्यासपीठामागे टांगता येते. आणि एवढे सगळे करूनही कोणाच्या केसाला धक्का लागत नाही. व्याकरणाच्या अंगाने पाहिले तर या निरुपद्रवीपणाचे कारण सापडते. वाक्यातला कर्ता अध्याहृत आहे, परिमाण नाही, आणि कोणासाठी वाचवायचे याचा तर उल्लेखच नाही. अशा वाक्याशी कोणाचा मतभेद होऊ शकत नाही, आणि ज्याच्याशी मतभेद होऊ शकत नाही ते वाक्य काही बदलूही शकत नाही.

याच्या शेजारी ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही दुसरी घोषणा ठेवून पाहावी. ती प्रामुख्याने खेड्यांना उद्देशून दिली गेली. तिच्यातली क्रियापदे अंगमेहनतीची आहेत. अडवायचे म्हणजे बांध घालायचा, जिरवायचे म्हणजे चर खणायचे. त्यासाठी कुदळ लागते, श्रमदान लागते, कोणाची तरी जमीन बांधाखाली जाते आणि त्यावरून गावात भांडणेही होतात. खेड्याला कृती सांगणाऱ्या या महाराष्ट्राने शहराला मात्र ‘वाचवा’ एवढा सद्विचार सांगितला. दात घासताना नळ बंद ठेवा, बादलीने आंघोळ करा, या पलीकडे शहराकडून काही मागितले नाही. आमचा वाद या विषमतेशी आहे, आणि त्यासाठी आम्ही एक लहानसे, सर्वांच्या डोळ्यांसमोरचे उदाहरण घेतो आहोत: शहरातली हिरवळ, म्हणजे आपले ‘लॉन’.

आमच्यासारख्या मराठी शिकवणाऱ्यांनी या विषयात का पडावे, असे विचारले जाईल. पडावे, कारण हा प्रश्न जितका नळाचा आहे तितकाच शब्दांचाही आहे.

‘हिरवळ’ हा मराठीत ऋतूचा शब्द आहे. बालकवींच्या श्रावणावरील सुप्रसिद्ध कवितेत जी हिरवळ आहे ती श्रावणातली आहे, वैशाखातली नव्हे. तिचा आनंद ती येते आणि जाते यातच आहे. सह्याद्रीच्या उतारांवरचे गवत दिवाळीनंतर पिवळे पडते, माघ-फाल्गुनात वाळून सोनेरी होते आणि मृगाच्या सरींनंतर पुन्हा फुटते. या भूमीत गवताच्या पिवळेपणाला मरण म्हणत नाहीत. ‘लॉन’ हा शब्द मात्र बारमाही आहे. तो इंग्लंडसारख्या देशातून आला, जिथे पाऊस वर्षभर थोडाथोडा पडत असतो आणि गवत हिरवे ठेवण्यासाठी पाण्याची फारशी तजवीज करावी लागत नाही. तिथे प्रश्न गवत वाढवण्याचा नव्हता, कापण्याचा होता. १८३० साली एडविन बडिंग याने गवत कापण्याचे यंत्र शोधले ते त्यामुळेच. इथे आलेल्या साहेबाने आपल्या बंगल्यापुढे आणि कॅम्पात मायदेशाची ती आठवण पेरली. साहेब गेला, पण आठवण आमच्याकडे राहिली, आणि सरकारी कचेरीपासून गृहसंकुलाच्या प्रवेशद्वारापर्यंत ती प्रतिष्ठेची खूण झाली.

अलीकडे या शब्दाचे आणखी एक रूपांतर घडले आहे. ‘अमुक मंगल कार्यालय व लॉन्स’ अशा पाट्या कोणत्याही शहराबाहेरच्या रस्त्यावर दिसतात. इंग्रजीतले अनेकवचन मराठीत एकवचनासारखे रुळले: ‘लग्न लॉन्सवर आहे’. आता लग्नसराईचा मोठा हंगाम एप्रिल-मेचा. म्हणजे धरणे जेव्हा तळाला जातात, नेमक्या त्याच दिवसांत हजार पाहुण्यांच्या पायांखाली हिरवे गवत हवे असते. ते दोन तासांत तुडवले जाते आणि पुढल्या मुहूर्तापर्यंत पुन्हा उभे करावे लागते.

यात एक विनोदही दडलेला आहे. रोपवाटिकांत ‘बर्म्युडा’ म्हणून जे गवत विकले जाते त्याचे शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. ही आपली दूर्वा; शेतकऱ्याच्या भाषेत हरळी. शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या ही हरळी खणून काढण्यात कंबर मोडून घेतो आणि तरीही ती जात नाही, कारण वरचे पाते वाळले तरी जमिनीखालची काडी जिवंत असते. ज्या गवताची चिवटपणाबद्दल एवढी ख्याती, त्याला शहरात आल्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी लागते असे आपण मानून चाललो आहोत. वस्तुतः गवताला जगण्यासाठी एवढे पाणी लागत नाही. ते मे महिन्यातही हिरवे दिसावे, ही आपली गरज आहे.

आता थोडे गणित. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी त्याला घाबरू नये, ते चौथीच्या वरचे नाही. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. पुण्यासारख्या हवेत ऐन उन्हाळ्यात हिरव्या गवतातून आणि मातीतून रोज सुमारे पाच मिलिमीटर पाणी वाफ होऊन जाते, हा माफक अंदाज. तेव्हा एक हजार चौरस मीटरच्या हिरवळीला रोज पाच हजार लिटर पाणी लागते. दहा हजार लिटरचा टँकर दर दोन दिवसांनी. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते. म्हणजे ही हिरवळ सदतीस माणसांचे पाणी पिते. ग्रामीण भागासाठी २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने धरलेले प्रमाण माणशी ५५ लिटर आहे. त्या हिशेबाने ती नव्वद माणसांचे पाणी पिते.

आणखी एक बेरीज. नोव्हेंबर ते मे हे सात महिने, म्हणजे साधारण २१० दिवस. थंडीचे दिवस लक्षात घेऊन रोजची सरासरी चारच मिलिमीटर धरली तरी ८४० मिलिमीटर पाणी होते. पुणे शहरात वर्षभरात सरासरी पाऊस पडतो तो सातशे-साडेसातशे मिलिमीटर. अर्थात आकाश त्या जागेवर वर्षभरात जेवढे पाणी देते, त्याहून अधिक पाणी ती हिरवळ फक्त कोरड्या महिन्यांत मागते. दुपारी बारा वाजता फवारे सोडणे, वाऱ्यावर निम्मे तुषार डांबरी रस्त्यावर उडणे, नळी सोडून माळ्याला दुसऱ्या कामाला पाठवणे, ही नासाडी या हिशेबात धरलेलीच नाही.

हे पाणी येते कोठून? इथे दुसरा शब्द तपासावा लागतो: ‘पिण्याचे पाणी’. राज्याच्या २००३च्या जलनीतीत पिण्याच्या पाण्याला पहिला, उद्योगाला दुसरा आणि शेतीला तिसरा क्रम दिला होता. २०११ साली हा क्रम बदलून शेतीला दुसरे स्थान दिले गेले. उद्योग की शेती यावर महाराष्ट्रात बरेच रण माजले. पहिल्या क्रमांकाबद्दल मात्र कोणी वाद घातला नाही, आणि घालूही नये. तहानेपुढे सगळे दुय्यम आहे. पण त्या पवित्र नावाखाली धरणातून निघालेले पाणी शहरात शिरल्यावर काय काय होते, हे विचारायला आम्हाला हवे की नको? त्यातला माणसाच्या घशाखाली जाणारा भाग अगदी अल्प असतो. स्वयंपाक, आंघोळ, धुणे हे सारे त्या नावात बसते, आणि ते न्याय्यच आहे. पण मोटारी धुणे, तरणतलाव आणि हिरवळ? यांपैकी काहीही ‘पिण्याचे’ नाही, तरी महापालिकेच्या नळातून येते म्हणून त्याच खात्यावर मांडले जाते.

पुण्यात याचा अर्थ अगदी स्पष्ट आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणे मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी साठवतात. त्यांवर पुणे शहर अवलंबून आहे आणि मुठा कालव्याच्या काठची हवेली, दौंड, इंदापूर भागातली शेतीही. उन्हाळी आवर्तन द्यायचे की नाही यावर कालवा सल्लागार समितीत वर्षानुवर्षे ओढाताण चालते, आणि दर वेळी ‘पिण्याचे पाणी आधी’ हे वाक्य शहराच्या बाजूने उच्चारले जाते. त्या वाक्याच्या आडोशाला आमच्या संकुलांच्या हिरवळी उभ्या असतात. मुंढव्याच्या जॅकवेलमधून शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी उचलून शेतीसाठी कालव्यात सोडले जाते. म्हणजे ज्वारी-भाजीपाला पिकवणाऱ्याने आमचे वापरलेले पाणी घ्यावे, आणि पाय मोकळे करायच्या गवताला मात्र क्लोरीन घातलेले शुद्ध पाणी मिळावे, अशी ही व्यवस्था आहे. या व्यवस्थेला आम्ही उलटी वर्णव्यवस्था म्हणणार होतो. पण ती उलटी नाही, सरळच आहे.

महाराष्ट्राने हा प्रश्न एकदा उघड्या न्यायालयात पाहिला आहे. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाणी भरून निघालेली पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. दुसऱ्याच दिवशी, १३ एप्रिलला, मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर नेण्याचा आदेश दिला. क्रिकेटच्या मैदानांवरचे पाणी वाचल्याने लातूरची तहान भागणार होती काय, असा खवचट प्रश्न तेव्हा पुष्कळांनी विचारला. मैदानातले पाणी नळीने लातूरला जाणार नव्हते, हे शाळकरी मुलालाही कळत होते. मुद्दा निराळा होता. एकाच राज्यात, एकाच आठवड्यात, पाण्याला रेल्वेची वाट पाहणारा नागरिक आणि पाण्याची वाट न पाहणारे गवत असे दोघे असतील, तर त्या राज्याला आपला प्राधान्यक्रम जाहीरपणे सांगता आला पाहिजे. त्या खटल्यात पहिल्यांदा गवताचा हिशेब लिटरमध्ये मागितला गेला. सामने संपले, पाऊस आला, आणि हिशेब मागणे थांबले. ते थांबले याचे आम्हाला अधिक दुःख आहे.

आता प्रतिपक्षाचे आक्षेप.

पहिला आक्षेप: ऊस कितीतरी अधिक पाणी पितो, जलवाहिन्यांची गळती त्याहून मोठी, मग बिचाऱ्या हिरवळीवर राग का? उसाबद्दलचे विधान खरे आहे, गळतीबद्दलचेही. पण उसामागे एका कुटुंबाची वर्षाची उपजीविका असते आणि गळतीचे समर्थन कोणी करत नाही. हिरवळ हा पाण्याचा असा वापर आहे, की ज्याचे उत्पन्न शून्य आणि समर्थन मात्र हिरिरीने होते. शिवाय उसाचे धोरण आमच्या हाती नाही. आमच्या संस्थेच्या आवारातला नळ आहे. मोठा चोर मोकळा आहे म्हणून लहान चोराला सोडून द्यावे, हा न्याय आम्हाला ठाऊक नाही.

दुसरा आक्षेप: हिरवळीने गारवा येतो, शहराचा उष्मा कमी होतो. थोडाफार येतो. पण कडुलिंब, करंज, वड यांची सावली त्याहून कितीतरी अधिक गारवा देते, आणि पहिली दोन-तीन वर्षे जपल्यावर ही झाडे बव्हंशी आपले पाणी आपण शोधतात. ज्याला खरोखर गारवा हवा तो झाड लावतो. हिरवळ लावणाऱ्याला बहुधा मोकळे दर्शन हवे असते. इमारत झाडाआड जाऊ नये, हा त्यामागचा हिशेब.

तिसरा आक्षेप: आम्ही महापालिकेचे पाणी घेतच नाही, आमची स्वतःची बोअरवेल आहे. ‘स्वतःची’ या शब्दावर आमचा आक्षेप आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी मावते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. तो साठा मर्यादित आहे आणि कुंपणाची भिंत त्याला कळत नाही. आपण मोटर चालू केली की शेजाऱ्याचेही पाणी उपसले जाते. महाराष्ट्राने भूजलासंबंधी २००९चा स्वतंत्र कायदा केला तो भूजल ही कोणाची खासगी तिजोरी नाही म्हणूनच.

चौथा आक्षेप सर्वांत गंभीर, आणि तो माळीकाम करणाऱ्यांच्या पोटाचा आहे. त्याला आमचे उत्तर असे, की देशी झुडपे, वेली, झाडे, पालापाचोळ्याचे खत यांना माळ्याचे हात आणि माळ्याची अक्कल अधिक लागते. नळी धरून उभे राहायला ती लागत नाही. आणि हा आक्षेप घेणाऱ्यांनी, आपल्या संकुलाची हिरवळ शिंपणाऱ्याच्या वस्तीत पाणी दिवसातून किती वेळ येते, हे त्याला एकदा विचारून यावे.

मग करावे काय? ‘समाजाने एकत्र यावे’ असे म्हणून लेख संपवणे सोपे आहे. पण पाण्याच्या संदर्भात ‘समाज’ हा शब्द निष्पाप नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून पुण्यात नळ आणला गेला, पेठापेठांत हौद बांधले गेले. ती सार्वजनिक व्यवस्था होती, पण सर्वांची नव्हती. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, आणि २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, यावरूनच ‘सार्वजनिक’ या शब्दाचा अर्थ किती आकुंचित होता ते कळते. त्याच फुल्यांनी १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये ताली-बंधारे घालून पावसाचे पाणी जमिनीत मुरवण्याचा उपाय सांगितला. पाणी कोणाचे आणि पाणी कसे राखावे हे दोन प्रश्न त्यांनी वेगळे केले नाहीत. आम्ही मात्र पहिला प्रश्न सामाजिक चळवळींच्या पेपरात आणि दुसरा पर्यावरणाच्या प्रकल्पात टाकून मोकळे झालो आहोत.

हे दोन्ही प्रश्न एकत्र धरणारे प्रयोग पुण्यापासून फार दूर नाहीत. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगावपासून पाणी पंचायतीचे काम उभे केले. त्यातले नियम आजही धक्का देतात: पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे तर माणसांच्या प्रमाणात, माणशी अर्धा एकर, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस वर्ज्य. हिवरे बाजारमध्ये गाव दरवर्षी पडलेल्या पावसाचा ताळेबंद मांडते. माणसे आणि गुरे यांचे पाणी बाजूला काढून उरेल त्यावर पिके ठरतात, आणि पाऊस कमी झाला की पिकेही बदलतात. या दोन्ही ठिकाणी ‘वाचवा’ असा उपदेश मध्यवर्ती नाही. मोजणे, जाहीरपणे मांडणे आणि सर्वांनी मिळून ठरवणे, ही तिथली क्रियापदे आहेत.

शहरातल्या गृहसंस्थेला आणि महाविद्यालयाला हे का जमू नये? आमच्या मागण्या साध्या आहेत. बागेच्या नळाला स्वतंत्र मीटर बसवावा. दरवर्षी पावसाळा संपला की, दिवाळीच्या आधी, संस्थेने आपला ताळेबंद सूचनाफलकावर लावावा: महापालिकेचे पाणी किती, बोअरवेलचे किती, टँकरचे किती, त्यातले माणसांनी किती वापरले आणि गवताने किती. गच्चीवरचा पाऊस जमिनीत मुरवावा. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर सातशे मिलिमीटर पावसात सत्तर हजार लिटर पाणी पडते, त्यातले पाऊण जरी हाती लागले तरी थोडे नव्हे. हिरवळीला पाणी द्यायचे ते फक्त प्रक्रिया केलेले सांडपाणी, आणि तेही शौचालये व झाडे यांची गरज भागल्यावर; सूर्योदयापूर्वी, रोज थोडेथोडे नव्हे तर काही दिवसांनी खोलवर; गवत जरा उंच राखून, म्हणजे मुळांशी सावली राहते. खेळाच्या मैदानाला गवत लागते, मुलांना लोळायला लागते, हे आम्हाला मान्य आहे. ते तेवढे राखावे. बाकी शोभेच्या हिरवळीला होळीपासून मृगापर्यंत पिवळे पडू द्यावे. हरळी मरणार नाही. शेतकऱ्याला विचारा.

अखेरीस आमच्या व्यवसायबंधूंसाठी. २०१७ नंतरच्या ‘नॅक’च्या आराखड्यात सातव्या निकषाखाली जलसंधारणाची विचारणा होती आणि हिरव्या परिसराचीही. पुष्कळ महाविद्यालयांनी दोन्हींचे उत्तर एकाच छायाचित्रात दिले: पुढे ताजी अंथरलेली हिरवळ आणि मागे ‘जल हेच जीवन’ असा फलक. पर्यावरणवादी समीक्षेवरची चर्चासत्रे अशाच हिरवळीकडे पाठ करून पार पडली. त्या सभागृहात मराठवाड्यातून आलेला एखादा विद्यार्थी बसलेला असतो. त्याच्या गावी घरासमोर टँकरची पिंपे रांगेत असतात आणि ‘पाण्यासारखा पैसा खर्च करणे’ या वाक्प्रचाराचा अर्थ आपण त्याला उधळपट्टी असा सांगत असतो. तो वाक्प्रचार त्याच्या गावात जन्मलेला नाही, हे त्याला कळते. आपल्याला कळते का, एवढाच प्रश्न आहे.

मराठीत ‘पाणी जोखणे’ असाही एक वाक्प्रचार आहे, आणि तो आपण आजवर फक्त माणसांच्या बाबतीत वापरला. येत्या वर्षी जलदिनाची निबंधस्पर्धा रद्द करून प्रत्येक मराठी विभागाने आपल्या महाविद्यालयाच्या बागेचा मीटर वाचावा आणि तो आकडा मराठीत, स्वच्छ अक्षरांत, फाटकावर लिहावा, असे आम्ही सुचवतो. प्राचार्यांना तो आवडणार नाही. ज्यांना आमचा हिशेब चुकीचा वाटतो त्यांनी आपला मांडावा. वाद आकड्यांवर झाला तर आम्हाला तो हवाच आहे.